शिवानीची रेघ

नांदूरघाटात सिद्धारामआप्पांचं किराणा दुकान आहे, पण गाव त्यांना ओळखतं ते माळावरच्या मैदानामुळे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरींकडून ते सकाळी फुकट पळण्याचा सराव करून घ्यायचे. तरुणपणी त्यांची स्वतःची भरती छातीच्या मापावर हुकली होती, त्यातून आलेली ही हौस. त्या पोरींत त्यांची लेक शिवानीही होती, आणि वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटचीच संधी होती.

एका शिबिरात कुणा प्राध्यापकांनी पडद्यावर संशोधन दाखवलं. चढावर पळायचा सराव करण्याआधीचा सरासरी वेग म्हणजे आलेखातला बुटका खांब, नंतरचा म्हणजे उंच खांब. आप्पा भारावून घरी आले. त्यांनी पोरींना टेकडी चढायला लावलं, दर रविवारी आठशे मीटरची वेळ मोबाइलमध्ये टिपली, शेवटी सरासरी वेग काढला आणि तसाच बॅनर करून घ्यायला फ्लेक्सवाल्या रईसकडे गेले.

रईस भला माणूस, पण त्याचा हात वाढदिवसाच्या बॅनरवर बसलेला. तिथे माणूस छातीपर्यंतच घेतात, पाय कोण बघतंय? त्याच सवयीनं त्यानं दोन्ही खांब खालून छाटले आणि उरलेले ताणून मोठे केले. जरासा फरक दुपटीचा दिसू लागला. आप्पांनी तो बॅनर मैदानाच्या तोंडाशी बांधला, खाली सगळ्या पोरींचे फोटो. मला विचाराल तर तो त्याच दिवशी कुणीतरी फाडायला हवा होता.

शिवानी सांगत होती की नडगी दुखते, पायावर जोर देता येत नाही. आप्पांनी तिला बॅनरपुढे उभं केलं.

"समद्या वर चालल्या, तूच मागं कावून? पाय सगळ्यांचेच दुखतेत. तुजं मन न्हाई पळण्यात."

रात्री तिची आई, महादेवीकाकू, पायाला तेल लावायला बसली तर हिनंच पाय ओढून घेतला. म्हणाली, राहू दे, मीच आळस करते. पोरीला स्वतःच्या पायापेक्षा तो बॅनर खरा वाटायला लागला होता. याचा मला अजून राग येतो.

भरतीच्या दिवशी शेवटच्या वळणावर ती कोसळली. नडगीचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले, तडा आधीचाच आहे, पोरगी बरेच दिवस त्यावरच पळत होती. पायात सळई बसली. आता ती दुकानात गल्ल्यावर बसते, आणि वरच्या फळीवरचं काही काढायचं झालं की आईला हाक मारते.

डॉक्टरांचं ते 'बरेच दिवस' आप्पांच्या डोक्यातून जाईना. मैदान त्यांनी बंद केलं. एक दिवस रईसपुढे मोबाइल ठेवून म्हणाले, सरासरी नको, खांब नकोत, काही छाटू नकोस. प्रत्येक पोरीच्या वेगाची तिची तिची रेघ काढ. रईसनं काढल्या. बऱ्याच रेघा थोड्या वर सरकल्या होत्या, काही होत्या तिथेच होत्या. एकच खाली उतरत गेली होती, टेकडी सुरू झाल्यापासून. रईसनं ते नाव मोठ्यानं वाचलं नाही. आप्पांनी त्याला छापायला सांगितलं.

दुकानाच्या फरशीवर तो बॅनर पसरला. शिवानीनं आपली रेघ शोधली, वरपासून खालपर्यंत तिच्यावरून बोट फिरवलं.

"म्हंजे टेकडीपास्नं पायच जात व्हता. मी कामचोरी करत न्हवते, आप्पा."

आप्पा तिच्या पायाशी बसले. त्यांना रडू आवरत नव्हतं.

"न्हाई, माय. तू लई पळलीस. मीच बघितलं न्हाई."

आमच्याकडे जुना बॅनर कडब्यावर झाकायला जातो. पहिला तसाच गेला. हा मात्र शिवानीनं घडी करून आपल्या कपड्यांत ठेवलाय.