टाच आणि वीट

गेल्या वर्षी ३ डिसेंबर, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. पणदऱ्याच्या घरी खाटेवरून उतरून पहिले पाऊल टाकले आणि उजव्या टाचेत खिळा घुसल्यासारखी कळ आली. भिंत धरली. दहा-बारा पावलांनंतर कळ ओसरली. पाटबंधारे खात्यात नोकरीभर कालव्याच्या भरावावरून चाललो. पायांनी तक्रार केली नव्हती.

पत्नीने चुलीत वीट घातली आणि रुईची पाने तोडून आणली. आमच्याकडे टाचदुखीवर हाच उपाय: तापल्या विटेवर पाने ठेवून टाच शेकायची.

"आवं, टेकवा टाच. शेकली की मोकळी हुती."

टेकवली नाही. मला मधुमेह आहे. वरकुट्याच्या थोरल्या भावालाही आहे. त्याने अशाच विटेवर उजवा पाय शेकला होता. पाय बधिर होता. भाजल्याचे कळले ते चिघळल्यावर. शेवटी पाय घोट्याच्या वरून कापावा लागला.

भावाला फोन केला.

"वीट लांब ठेव आन् बारामती गाठ," तो म्हणाला. "माझी उजवी चप्पल कोरी पडलीय. पाय हाय तवर तू वापर."

मी हसलो नाही.

बारामतीत डॉक्टरबाईंनी डोळे मिटायला लावले आणि तळव्याला ठिकठिकाणी नायलॉनचा बारीक दोरा टेकवला. प्रत्येक वेळी मी "लागला" म्हणालो.

"सगळं कळतंय, आबा. टाचेपासून बोटांकडे जाणारा पट्टा दुखावलाय. झोपेत आखडतो, म्हणून पहिलं पाऊल जड जातं. पोटरी रोज ताणा. घरातसुद्धा मऊ चप्पल. शेक अजिबात नाही."

"परत कधी यायचं?"

"दोन-तीन आठवड्यांत उतार पडला नाही तर. पण जखम, फोड, लाली, सूज, बधिरपणा दिसला किंवा पाय टेकवेना, तर त्याच दिवशी. घरी उपाय करत बसू नका."

बाहेर येऊन चपलांच्या दुकानाच्या पायरीवर बसलो. भावाला कळवले.

"दुखतंय नव्हं? मग झ्याक," तो म्हणाला. "माझा दुखलाच न्हाय, तितंच घात झाला."

मऊ चप्पल विकत घेऊन घरी आलो.

"उंबऱ्याच्या आत चप्पल?" पत्नीने विचारले.

"आत."

तिने पायांकडे पाहिले आणि वाट दिली.

चुलीतली वीट गार झाली होती. अंगणातले पाण्याचे पिंप एका बाजूने डुगडुगत होते. वीट त्याखाली सारली.