आकारामदादांची गळकी होडी

शिरोली एमआयडीसीत आकारामदादांची फाउंड्री आहे. पंपाचे केसिंग ओततात. वडील पन्हाळ्याच्या पायथ्याला ऊस आणि म्हशी करत राहिले. दादांनी आयटीआय केलं, बरीच वर्षं दुसऱ्याच्या भट्टीवर घाम गाळला आणि मग स्वतःची भट्टी पेटवली. माणूस कष्टाळू, यात वाद नाही. वाद आहे तो त्यांच्या लांबीवर, म्हणजे भोकं बुजवायच्या पुट्टीवर. ओतकामात कुठं भोक राहिलं की दादा त्यात लांबी भरणार, वरून करडा रंग मारणार आणि माल टेम्पोत चढवणार. गिऱ्हाइकाचा फोन आलाच, तर उलट दादाच ओरडणार, "फिटिंग नीट करा की तुमचं!" जगातली कुठलीही गळती ही समोरच्याच्या चुकीनं होते, यावर त्यांची श्रद्धा होती.

शेजारच्या शेडचे मालक आण्णा. त्यांनी पन्हाळ्यावर फार्महाऊस बांधलं आणि अंगणात पोहायचा तलाव केला. वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशीच्या मटणाला दादा गेले. तलावात पाय सोडून बसले, पोटभर जेवले, आण्णांना "एक नंबर!" म्हणाले आणि घरी येऊन क्रांतीवहिनींसमोर फुटले.

"त्येचं पाणी उभं हाय. आपुन पाण्यावर फिरायचं."

"म्हंजे?" वहिनींनी विचारलं.

"शिडाची होडी घ्यायची."

"अवो, तुमास्नी पोहाय तर येतंय का?"

"होडी कशाला असती मग?"

दिवाळीनंतर गोव्याहून ट्रेलरवर एक जुनी होडी आली. फायबरची, मधोमध डोलकाठी, पुढं दोन माणसं आडवी होतील एवढी केबिन, मागं बसायला खोलगट जागा, आणि कडेनं स्टीलच्या खांबांचा कठडा. विकणारा म्हातारा कप्तान पाण्याबद्दल काहीतरी सांगत होता. दादांनी ऐकलं नाही. ते रंग बघत होते. रंग छान होता.

मलकापूरच्या पुढं एका धरणाच्या फुगवट्याला लागून दादांच्या मेव्हण्याचं शेत आहे. तिथं परवानगी काढून होडी पाण्यात सोडायचं ठरलं. रस्त्यावर फ्लेक्स लागला. दादा गॉगल घालून, मागं निळा समुद्र, खाली 'दर्याचा वाघ'. धरणात दर्या कुठला, हा प्रश्न फ्लेक्सवाल्याला पडला नाही, वाघ पाण्यात काय करतोय हाही पडला नाही. नारळ फुटला, बादल्या ओतून डेक धुतलं, मटण झालं, सगळ्या पाहुण्यांनी होडीवर चढून फोटो काढले. शीड कुणाला उघडता आलं नाही. पण फोटोत त्यानं काही अडत नाही.

पुढच्या रविवारी दादांनी केबिनचं दार उघडलं, तर तळाशी घोटाभर पाणी.

"फसवलं!" दादा ओरडले. "त्या कप्तानानं फुटकी होडी गळ्यात मारली."

दादांचे आयटीआयपासूनचे मित्र धम्मपालभाऊ बरोबर होते. भाऊ एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले. जमिनीखालची फुटकी पाइपलाइन लोखंडी सळई कानाला लावून ऐकायची, हे त्यांचं उभ्या नोकरीतलं काम. त्यांनी गाडीतून सळई आणली. ती होडीच्या तळाला टेकवली, दुसरं टोक कानाला लावलं, डोळे मिटले.

"हाय. गुडगुड येतीया."

"कुठनं?"

"हितनंच. डाव्या अंगानं."

"धम्मा, ते माझं पोट हाय," दादा म्हणाले. ते डाव्या अंगालाच उभे होते.

भाऊंनी सळई गाडीत ठेवून दिली, पण तळालाच भोक असणार यावर दोघांचं एकमत झालं. होडी पाण्यात, पाणी खाली, तेव्हा पाणी खालूनच येणार. दादा दर रविवारी येऊ लागले. कठड्याचा पहिला खांब दोन्ही हातांनी धरायचा, सगळा देह वर खेचायचा, डेकवर बादल्यांनी पाणी ओतून ते चकाचक करायचं, फोटो टाकायचे, मग केबिन उघडून कप्तानाला शिव्या द्यायच्या आणि पाणी उपसायचं. हा क्रम ठरून गेला.

एका रविवारी त्यांना चोर सापडला. मागच्या बसायच्या जागेत, खालच्या कोपऱ्यांत, दोन गोल भोकं होती. आरपार.

"बघ धम्मा! कंपनीनंच भोकं पाडल्यात! ह्येला काय म्हणायचं आता?"

"पावसाचं पाणी भाईर जाया असत्याल," भाऊ जरा चाचरत म्हणाले.

"मग त्याच भोकातनं धरणाचं पाणी आत येत न्हाय व्हय? तू पाणीपुरवठ्यात व्हतास का बँकेत?"

दादांनी दोन्ही भोकं लांबीनं लिंपून टाकली, रंग मारला आणि समाधानानं डेक धुतलं. त्या दिवशी केबिनमध्ये नेहमीच्या दुप्पट पाणी झालं. आधी धुतलेलं पाणी त्या भोकांतून बाहेर जात होतं. आता ते खोलगट जागेत साचलं आणि केबिनच्या दाराखालून आरामात आत उतरलं. दादांनी याचा अर्थ असा लावला, की इथून बंद केलं म्हणून पाणी दुसरीकडून जोर करतंय.

ओल्या गाद्या वाळवायला घरी आणल्या. वहिनींनी त्या गच्चीवर उलट्यापालट्या करून पाहिल्या आणि खाली आल्या.

"अवो, कठड्याकडची गादी वरनं भिजलीया. खालनं कोरडी हाय."

"मग?"

"मग पाणी वरनं येतंय की."

दादा इतके मनमोकळे हसले, की त्यांना ठसका लागला. "ही काय आपली गच्ची हाय व्हय? होडीला पाणी खालनं असतंय, क्रांते!" त्यांनी भाऊंना फोन करून तो विनोद सांगितला. भाऊही हसले. वहिनींनी गाद्या वाळत घातल्या.

शेवटी दादांनी होडी धरणातून काढून शिरोलीच्या आवारात आणली. फाउंड्रीतलं काम मागं पडलं. माणसं तळ घासायला लागली. जिथं ओरखडा दिसेल तिथं लांबी, तिच्यावर दुसरी लांबी, मग रंगाचे हात. तळ असा गुळगुळीत झाला, की दादा येता-जाता त्यावरून हात फिरवत. आण्णा बघायला येणार म्हणाले, तेव्हा दादांनी चहा-भजी सांगितली, पाइप लावून होडी वरपासून धुऊन घेतली आणि आण्णांना शिडीवरून वर चढवलं.

"आता थेंब आला तर मिशी उतरवीन," दादा म्हणाले. आणि केबिनचं दार उघडलं.

आत पाणी होतं. गाद्या भिजल्या होत्या आणि भज्यांसाठी आणलेल्या कागदी बशा तरंगत होत्या.

होडी ट्रेलरवर. ट्रेलर सिमेंटच्या फरशीवर. जवळची नदीसुद्धा तिथून लांब. आण्णांनी आत पाहिलं, खाली फरशीकडे पाहिलं, पुन्हा आत पाहिलं.

"आकाराम," ते शांतपणे म्हणाले, "आमचा तलाव सुद्धा एवढा भरत न्हाय रं." आणि भजी न खाता गेले, कारण ही गोष्ट चार शेडमध्ये सांगायची घाई होती.

दादा शिडीच्या पायरीवर बसून राहिले. कप्तान नाही, धरण नाही, दोष द्यायला आवारात दुसरं कुणी उरलं नव्हतं. धम्मपालभाऊ आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि ते म्हणाले, "वहिनी बरोबर बोलत व्हत्या लेका. आपुन दोघं हसलो."

"आता काय करायचं, ते बोल."

भाऊंना नोकरीतली युक्ती आठवली. पाण्याला रंग द्यायचा आणि तो कुठं निघतो ते बघायचं. घरात जोतिबाच्या यात्रेचा उरलेला गुलाल होता. केबिन कोरडी केली, छताखालच्या फळ्या काढल्या. बॅटरी घेऊन वहिनी आत बसल्या. भाऊ डेकवर एकेका जागी गुलालाचं पाणी ओतत गेले. डोलकाठीच्या बुडाशी काही नाही. खिडकीच्या कडेला काही नाही. कठड्याच्या मागच्या खांबांशी काही नाही. पहिल्या खांबाशी तांब्या रिकामा केला आणि आतून आवाज आला.

"आलं! गुलाबी आलं! पार माझ्या डोस्क्यावर आलं!"

पाणी खांबाच्या बोल्टातून उतरत होतं आणि बाजूनं ओघळत गादीवरून तळाला जात होतं. तो खांब हलवला, तर दातासारखा हलला. दादा दर रविवारी ज्याला धरून वर चढत, तोच खांब. गळती शोधायला ते जितक्यांदा आले, तितक्यांदा ती त्यांनी आपल्या हातानं थोडी थोडी मोठी केली होती.

"कप्तान शिडी लावा म्हणत असंल तवा," वहिनी केसातला गुलाल झटकत म्हणाल्या. "तुमी रंग बघत बसला हुता."

दादांनी पहिल्यांदाच लांबीचा डबा मागितला नाही. खांब उपटला, बोल्टाची भोकं साफ केली, होडीचा सीलंट भरला, डेकच्या आतून स्टीलची जाड पट्टी टाकली आणि बोल्ट आवळले. मागची लिंपलेली भोकंही पुन्हा उघडली. तिथं मात्र त्यांचा हात जड चालला. दुसऱ्या दिवशी एमआयडीसीच्या चहाच्या टपरीवर ते सांगत होते, "मला पैल्यापासनं शंका हुतीच. गादी वरनं भिजलीती." वहिनींना हे कळलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी शीड कसं उघडायचं आणि सुकाणू कसं धरायचं ते फोनवर बघायला घेतलं.

होडी पुन्हा धरणात उतरली. या वेळी शिडी लावली होती. भाऊंनी दोरी ओढली, शीड उघडलं, वारा भरला आणि होडी काठ सोडून निघाली. वहिनी सुकाणूवर. फुगवट्याच्या पलीकडचे डोंगर सरकू लागले, एक बगळा बाजूनं उडत गेला, भाऊंनी आनंदानं शीळ घातली.

दादा केबिनमध्ये तळाशी पालथे पडले होते, एका हातात बॅटरी धरून.

"अवो, भाईर या की! काय वारं सुटलंय बघा!"

"थांब. हितं काय तरी वलं लागतंय."

दादांनी बोट फिरवलं, चाटलं.

"खारट हाय," आतून घाबरा आवाज आला.

"धरणाचं पाणी खारट नसतंय आकाराम," भाऊ म्हणाले. "घाम हाय त्यो तुझा."

आतून तळ ठोकून बघितल्याचा आवाज सुरू झाला. वहिनींनी सुकाणू वळवलं आणि होडी मोकळ्या पाण्याकडे काढली.