पोखऱ्याच्या बसमधली आईची तहान

आईचे कोरडे, पापुद्रे सुटलेले ओठ, आणि त्यांच्यामागे खिडकीभर वाहणारी हिरवी नदी… नेपाळ म्हटलं की मला हिमशिखरं आठवत नाहीत, हे आठवतं. सीमेवरच्या गावातून पोखऱ्याला निघालेली लांब पल्ल्याची बस, डिझेलचा आणि संत्र्याच्या सालींचा मिसळलेला वास, ड्रायव्हरच्या डोक्यावर हलणारी लाल झालर, टपावर बांधलेल्या बकऱ्यांचं ओरडणं – आणि प्रत्येक वळणावर एकमेकांवर कलंडणारी अनोळखी माणसं. मी आठ-नऊ वर्षांची असेन.

आमच्या बडोद्याच्या घरात, कुणी न सांगता, एक नियम पाळला जाई: प्रवासाच्या दिवशी बायकांनी पाणी प्यायचं नाही. पहाटे अर्धा कप चहा, बस्स. पुरुष बाटल्या रिकाम्या करत. आई थेपल्यालाही हात लावत नसे, शोष पडेल म्हणून. याला घरात सोशिकपणा म्हणत आणि तिचं कौतुक करत. त्या कौतुकाचा मला आजही संताप येतो.

एवढं करूनही त्या दुपारी तिला राहवेना. वाटेत बस थांबली तेव्हा पुरुष दरीकडे तोंड करून मोकळे झाले होते; बायकांसाठी ना आडोसा, ना वेळ. तिनं बाबांना हळूच सांगितलं.

"परक्या मुलखात मध्येच कुठे थांबवणार? जरा धीर धर."

"वहिनी, आता पोहोचलोच समजा," मागच्या सीटवरून काका म्हणाले. तोंडात घास होता.

आईनं समोरचा दांडा धरला. बोटं पांढरी पडलेली, प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटत… तेव्हा पलीकडची एक नेपाळी बाई उठली, मांडीवरची कोंबडी तिनं सरळ काकांच्या मांडीवर ठेवली आणि जाऊन ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारली.

"आगे होटल है," तो गुरगुरला.

"होटल तेरे पेट के लिए है. हमारे लिए क्या है? रोक."

बस थांबली. चार-पाच बायका उतरल्या, पाठमोऱ्या उभ्या राहिल्या, शालींचं रिंगण धरलं. एक टोक माझ्या हातात होतं, ओलसर लोकरीच्या वासाचं. आत आई रडत होती. वर खिडकीतून बाबा घड्याळ बघत होते.

मला वाटलं, आता तरी ती पाणी पिईल. पण दुसऱ्या दिवशी, पोखऱ्यातल्या खच्चून भरलेल्या लोकल बसमध्ये, ती चहाही न घेता बसली होती.

आज मी बडोद्यात पाणीगेटपासून प्रतापनगरपर्यंत पत्रकं वाटते – बसथांब्यावर बायकांसाठी कडी लागणारं, स्वच्छ शौचालय हवं, इतकंच. "बेन, बीजुं काम नथी?" दुसरं काम नाही का, लोक विचारतात. आहे. पण आधी हे.

गेल्या हिवाळ्यात धारची मावशी, आईची एकुलती एक बहीण, अंथरुणाला खिळली आणि आईला बोलवत राहिली. धारला जायचं तर बसच, दिवसभराची. आईनं बॅग भरली, साड्या बाहेर काढल्या, पुन्हा घड्या घातल्या… मग कॉटवर बसून म्हणाली, "वाटेत जमायचं नाही ग मला आता."

मावशीचा चेहरा तिनं शेवटचा पाहिला तो माझ्या फोनवर. धड दिसतही नव्हता. नेटवर्क सारखं जात होतं.