कॉम्प्युटरच्या खोलीतले पापड

नागपूरच्या इतवारीत भांड्यांच्या दुकानावर आमचं घर, आणि घराच्या पुढच्या खोलीत दादाचा टायपिंगचा क्लास. ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा माझ्या हट्टापायी दादाने एक कॉम्प्युटर आणला. विकत नव्हे. मे महिना संपेपर्यंत वापरून बघा, पटला तर ठेवा, अशा बोलीवर विक्रेत्याने दिला होता. मी बी.कॉम. झाले होते आणि दादाच्या क्लासात टाइपरायटरवर तेच ते धडे गिरवून घेऊन पार विटले होते. सुट्टीत कुहीहून, कळमेश्वरहून मावशीकडे-आत्याकडे येणाऱ्या मुलींना कॉम्प्युटर शिकवायचा, असं माझ्या मनाने घेतलं होतं. तो परत गेला तर मीही जन्मभर त्या खडखडाटात बसणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. काहीही करून मला तो ठेवून घ्यायचा होता.

अडचण होती ती नागपूरच्या मे महिन्याची.

कॉम्प्युटर क्लासच्या मागच्या, गच्चीला लागून असलेल्या खोलीत ठेवला होता. धुळीचा कण नको, असं विक्रेत्याच्या माणसाने बजावलं, तर दादाने खिडकीच्या फटींनासुद्धा कागद चिकटवले. ऊन तापलं की पडद्यावरची अक्षरं जागच्या जागी थिजायची. मग कुठलीही कळ दाबा, यंत्र ढिम्म. मी म्हटलं, कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढू आणि मागे टेबलफॅन लावू, वारा पुरे होईल. दादाच्या मते पंखा म्हणजे इकडची गरम हवा तिकडे करणं.

"पाण्याबिगर नागपूरचा उन्हाळा निघते का वं?" असं म्हणून त्याने आपल्या क्लासमधला कूलर, वाळ्याच्या ताट्यांसकट, त्या बंद खोलीत नेऊन ठेवला.

सुरुवातीला दादा जिंकला. खोली गार, यंत्र चालू, मुली खूश. दादा स्वतः पुढच्या खोलीत घामाघूम होऊन बसायचा, पण तोंडावरचं हसू काही उतरत नव्हतं. मला त्याचा राग येत होता आणि कॉम्प्युटर चालतोय म्हणून बरंही वाटत होतं.

पण आठवडा उलटला नाही तोच छपाईचा कागद मऊ पडून प्रिंटरमध्ये गोळा व्हायला लागला. फ्लॉपी वाचली जाईना. कळा दाबाव्यात तर वर यायला कुरकुर करायच्या. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय. दादा आता यंत्रालाच नावं ठेवायला लागला आणि महिना संपला की परत, असं त्याने जेवताना जाहीर केलं. मी भरल्या ताटावरून उठले. आईने हाक मारली, पण गेले नाही.

त्याच दिवसांत आईचं वाळवण चालू होतं. एका संध्याकाळी धुळीचं वादळ उठलं. गच्चीवरचे कडकडीत वाळलेले उडदाचे पापड आईने घाईने गोळा केले आणि घरात धूळ नसलेली जागा म्हणून टोपलीसकट कॉम्प्युटरच्या खोलीत नेऊन ठेवले. मुलींसाठी कूलर चालूच होता. दुसऱ्या दिवशी दुपारी ती टोपली घ्यायला गेली.

टोपली घेऊन आई माझ्याकडे आली. तिने एक पापड माझ्यासमोर धरला आणि पोळीसारखी त्याची घडी घातली. तो मोडला नाही.

"हे खोली हाये का न्हाणी?" ती म्हणाली. "जिथं पापड नाही टिकला, तिथं तुमचं यंत्र काय टिकन वं?"

कूलर लावला की समोरची खिडकी उघडायची, नाहीतर ओली हवा खोलीतच कोंडते, हे नागपुरात कोणाला सांगावं लागत नाही. आमच्याही घरात ते कधी चुकलं नव्हतं. पण कॉम्प्युटर आला आणि धुळीच्या धाकाने आम्ही घरची अक्कल खुंटीला टांगली.

मी खिडकीचे कागद टराटरा फाडले. धुळीसाठी आईने तिथे आपलं जुनं लुगडं दुहेरी करून बांधलं. कूलर पुन्हा क्लासमध्ये गेला आणि मधलं दार उघडं राहिलं. गार वारा आता क्लासमधून यायचा आणि लुगड्यातून बाहेर पडायचा. झाकण काढलेल्या डब्यामागे माझा टेबलफॅनही लागला. पाणी दादाचं, वारा माझा. यंत्र सुरू करण्याआधी पडद्याच्या डोक्यावर ठेवलेल्या पापडाचा तुकडा मोडून बघायचा, वाकला तर यंत्र बंद, हा नियम मात्र आईचा. मुली आधी खिदळल्या. पुढे कुहीची एक मुलगी आल्याबरोबर पूजेसारखं ते काम करायला लागली.

महिना संपताना विक्रेत्याचा माणूस आला, तोही भर उन्हाचा. कुहीची मुलगी पत्र छापत होती. दादाने डब्याला हात लावून पाहिला, प्रिंटरमधून सरळ बाहेर येणारा कागद पाहिला. मग वरचा पापड उचलून कट्कन मोडला, अर्धा तसाच कच्चा तोंडात टाकला आणि अर्धा मला दिला.

"ठेवाचा हाये आम्हाले," तो त्या माणसाला म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "उद्या क्लासच्या पाटीवर कॉम्प्युटरचंही लिहून घेजो. खाली तुहं नाव टाकजो."

मी माझा अर्धा पापड तोंडात टाकला. मग पाटीवर नावापुरती जागा आहे का, ते बघायला बाहेर गेले.