काळा पट्टा

"घासू नका हो! कार्बन हाय त्यो, पितळंचा तांब्या न्हाई!" रेडिओ दुरुस्त करणाऱ्या मामांच्या दुकानात शिरलं की आधी हे ऐकावं लागे. आवाज कमी-जास्त करायच्या बटणाखाली कार्बनचा काळा थर दिलेला पट्टा असतो, त्यावर धातूची बारीक पत्ती फिरते. मध्ये धूळ शिरली की खरखर सुरू. ती तुम्हीही कधी ना कधी ऐकली असेल. मामा स्पिरिटचा बोळा असा फिरवत, जणू तान्ह्याचे डोळे पुसताहेत.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. मी नव्या कचेरीत साधा कारकून; पण मामांच्या लेखी मीच सरकार.

"सायेब, जिल्हा आला. पानी कधी येनार?"

त्या वर्षी दुष्काळ होता; पाणी टँकरने येई, तेही त्याची लहर आली तर. नाक्यावर हॉर्न वाजला की बायका घागरी घेऊन धावत.

मामींना ऐकू कमी येई. छातीशी डबीएवढं मशीन, त्याची वायर कानात. त्याच्या जोरावर त्यांना हॉर्न कळे. त्या दुष्काळात मशीनमध्ये धूळ शिरली. एकदा टँकर येऊन गेला आणि मामी चुलीपुढे बसून राहिल्या. शेजारीण म्हणाली, "बहिरीला कोन सांगत बसनार?"

ते मामांना फार लागलं. रागाच्या भरात त्यांनी उभ्या जन्मात केलं नव्हतं ते केलं. पॉलिश पेपर घेतला आणि मशीनमधला पट्टा घासला. काळं सगळं बोटांना लागलं, पट्टा तपकिरी पडला. आवाज गेला.

त्यांनी नांदेडला दोन खेपा घातल्या. तो पट्टा यायचा बंद झाला होता. नवं मशीन आवाक्याबाहेरचं. पेन्सिलीचं शिसं चोळून पाहिलं, ते अर्धा दिवस टिकलं.

तरी रोज सकाळी मामा मशीन जोडून देत आणि विचारत, "येतंय का ऐकू?"

मामी त्यांच्या ओठांकडे बघत म्हणत, "व्हय. लई साफ."

एके सकाळी मी तिथेच उभा होतो. मामी "व्हय" म्हणाल्या आणि माझी नजर बाकावर गेली. मशीनचा सेल तिथेच पडला होता, घालायचाच राहिला होता. मामांनीही तो पाहिला. मी तिथे नसतो तर बरं झालं असतं.

मामांनी सेल सदऱ्याच्या खिशात टाकला, मामींच्या कानातली वायर नीट बसवली आणि ते घागर उचलून नाक्यावर टँकरची वाट बघत जाऊन बसले. दुकान त्यानंतर उघडलेलं मी पाहिलं नाही.