अण्णांनी रद्द केलेला धबधबा

माझे सासरे, आमचे अण्णा, अमेरिकेत आमच्याकडे कॅरीला येऊन दोन महिने झाले आणि त्यांना सांगलीला परत जायचे वेध लागले. आम्ही दोघं ऑफिसला, ते खिडकीशी. तिकीट अलीकडचं करून द्या, असं पुन्हा एकदा सांगितल्यावर माझा नवरा निखिल म्हणाला, आधी डोंगर तरी बघून घ्या. म्हणून २००६च्या जूनमध्ये धपाटे बांधून आम्ही डोंगरातल्या अ‍ॅशव्हिलला निघालो.

आय-४० हायवे धरायचा आणि सोडायचा नाही, चारेक तासांत पोचता. शेवटच्या घाटात ट्रकमागे मुकाट राहावं. मोटेल गावाबाहेरचं घ्या, स्वस्त पडतं; तिथली कॉफी मात्र टाळा.

गावातल्या अँटिकच्या दुकानात अण्णा एका भिंतीपुढे थबकले. बॅन्जोच्या आकाराचं, जुनं इंग्लिश बॅरोमीटर! जन्मभर शाळेत वायुभारमापक फळ्यावर काढून शिकवलेला, असा देखणा पहिल्यांदाच पाहिला. तबकडीवर गाव लंडन, पण कारागिराचं नाव इटालियन. मालकीणबाई म्हणाल्या, काचेच्या नळ्या करणारे कितीतरी इटालियन तेव्हा पोटापाण्यासाठी लंडनला येऊन राहिले.

"म्हणजे हेही आपल्यासारखेच," अण्णा निखिलला म्हणाले. निखिलने बॅरोमीटर घेऊनच टाकलं.

काटा 'स्टॉर्मी'वर होता. बाहेर लख्ख ऊन, लोक तरंगायच्या ट्यूब घेऊन नदीवर निघालेले. तरी अण्णांनी वादळ जाहीर केलं. ठरलेला धबधबा रद्द, मोटेल कॅन्सल केलं. आत पारा, आडवं करायचं नाही. म्हणून पुढच्या सीटवर बेल्टमध्ये बॅरोमीटर उभं, आणि मागे मी आणि त्याला दोन्ही हातांनी धरून बसलेले अण्णा.

घाट उतरू लागलो तसा काटा सरकायला लागला. सपाटीवर तो 'चेंज'जवळ आला. आभाळ सकाळइतकंच निळं होतं.

"उंचावर हवेचा दाब कमी असतो," अण्णा शेवटी म्हणाले. "आठवीच्या पोरांना येतं हे."

मग ते हसू लागले, इतके, की पाऱ्याच्या काळजीने निखिलने पुढच्या एक्झिटला गाडी थांबवली. अमेरिकेत आल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

घरी त्यांनी काटा कॅरीच्या उंचीला जुळवला. रोज दुपारी ऑफिसात फोन: छत्री घेऊन निघा. अंदाज बहुतेकदा चुकायचा. तिकिटाचं विचारलं, तर सप्टेंबरातली वादळं बघितल्याशिवाय हात बसत नाही म्हणाले.

ऑक्टोबरात ते सांगलीला परत गेले. पारा विमानात चालत नाही, म्हणून बॅरोमीटर आमच्याकडेच राहिलं. आता रविवारी सांगलीहून फोन येतो. आधी काट्याची चौकशी, मग आमची. निखिल सोफ्यावरूनच काहीतरी ठोकून देतो. मी मात्र उठून बघून सांगते.