दोन विटांची वाट

मालूआत्या म्हणजे माझ्या बापाची चुलत बहीण. कासू गावची पोर, हमरापुरात दिली, आणि लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी आमच्या गणपतीच्या कारखान्यात बसली ती चाळीस वर्षं तिथंच आहे. मूर्ती सगळे घडवतात, रंगही सगळे देतात. डोळे मात्र मालूआत्याच काढते. डोळे काढायच्या दिवशी ती कोणाशी बोलत नाही. चहासुद्धा पीत नाही, हात थरथरतो म्हणते. एरवी तोंडाला कुलूप नाही. "काय रं जितू, कंपनीत जेवाय देत नाय का? बांबू झालास!" असं ती मला भर रस्त्यात ओरडून विचारणार.

अशा बाईला मी चारचौघांत काय बोललो, ते आता सांगतो. सांगायची लाज वाटते, म्हणूनच सांगतो.

मी रोह्याला एका कंपनीत इन्सुलेशनचं काम करतो. वाफेच्या पाइपांना ग्लासवूल, म्हणजे काचेचा कापूस, गुंडाळायचं, वरून पत्रा मारायचा, ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही. बारा वर्षं तेच करतोय, आणि त्या बारा वर्षांचा माज डोक्यात बसला होता. कारखाना माझ्या थोरल्या भावाचा, कमळाकरदादाचा. पावसाळ्यात शाडूच्या मूर्ती सुकवायला तो रात्रंदिवस हॅलोजन आणि पंखे लावायचा. मी म्हटलं, "दादा, तू दिवे लावून सगळं गाव तापवतोस. मला चार दिवस दे, कारखाना हवाबंद करून देतो. निम्म्या दिव्यांत मूर्ती सुकतील."

दादा भोळा. त्यानं दिले चार दिवस.

पत्र्याखाली मी ग्लासवूल लावलं. खिडक्यांच्या कडा, दाराखालची जागा, भिंत आणि पत्र्यामधली पोकळी, सगळीकडे फोम मारला. मागच्या भिंतीत दोन विटा सुट्या होत्या, एक जमिनीलगत, एक पत्र्याखाली. मालूआत्या रोज सकाळी त्या काढायची आणि पाऊस आडवा आला की परत बसवायची. त्याही मी फोमनं पक्क्या केल्या.

आत मस्त ऊब झाली. दादा खूश, मी तर छाती काढून फिरत होतो. मालूआत्या तेवढी खूश नव्हती. ती एकेका गणपतीच्या पोटाला हाताची उलटी बाजू लावायची आणि म्हणायची, "अजून गार हाय रं." मी हसायचो.

काम संपल्यावर तिसऱ्या दिवशी शिफ्टवरून आलो तर वरची वीट काढलेली! खाली फोमचा चुरा. माझं टाळकंच सरकलं. आठ कारागीर बसलेले, रोहिणीवहिनी चहा घेऊन उभी, आणि मी ओरडलो, "आत्ये, अक्कल हाय का नाय? भाईर एवढा दमट वारा, आणि तू भोक पाडून बसलीस! तुला काय कळतंय यातलं? यापुढं मला विचारल्याबिगर भिंतीला हात लावायचा नाय!"

तिनं वीट होती तिथं बसवली, हात धुतले, छत्री घेतली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

ती गेल्यापासून पाचव्या दिवशी मूर्तींच्या पाठीवर पांढरी बुरशी दिसली. ज्यांना रंगाचा पहिला हात दिला होता, त्यांचा रंग पापुद्रे होऊन सुटला. दादा एकेक मूर्ती फिरवून तिची पाठ बघत सुटला. चाळीस घरं त्या मूर्तींची वाट बघत होती, आणि चतुर्थीला अठरा दिवस. मी काय केलं? मातीला दोष दिला. "यंदा शाडूच खराब आलाय," म्हटलं. शरम नाही ती नाहीच.

सगळे जेवायला गेले तेव्हा मी एका मूर्तीच्या पोटाला उलटा हात लावला. गार! त्या एवढ्या उबेत गार! गार म्हणजे आतून अजून ओली, तेव्हा ट्यूब पेटली. पाइपाच्या अंगात पाणी नसतं, या चाळीस मूर्तींच्या अंगात बादल्याच्या बादल्या पाणी होतं. दिव्यांनी ते हवेत काढलं, ती ओली हवा वर चढली, आणि वरची वाट मीच बुजवलेली. बाहेरचा ओलावा अडवायच्या नादात आतला कोंडून ठेवला मी. खालून हवा आत, वरून ओली हवा बाहेर, एवढ्यासाठी होत्या त्या दोन विटा. बारा वर्षं ज्या गोष्टीचा पगार घेतोय, ती एका बाईला हाताच्या उलट्या बाजूनं कळत होती.

मी तिच्या घरी गेलो. वाटेत शब्द जुळवले होते, दारात सगळे विसरलो. "आत्ये, चल," एवढंच म्हणालो. तिनं छत्री घेतली आणि आली.

सगळ्यांसमोर तिनं एकेक मूर्ती चाचपली. अकरा गेल्या, ती माती परत भिजत घालायला सांगितली. बाकीच्या सुकतील म्हणाली. मग वर बघून म्हणाली, "जितूनं लावलाय तो कापूस ऱ्हाऊ दे हां, कमळाकर. पत्रा तापत नाय त्यानं, बरं काम केलंय पोरानं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग ती मागच्या भिंतीशी गेली. हात विटेपर्यंत नेला आणि थांबवला. वळून माझ्याकडे बघितलं. टोमणा नव्हता हो, मी नीट बघितलं तिच्या तोंडाकडे. मी सांगितलं होतं म्हणून ती खरोखरच विचारत होती.

"जितू, वीट काढू का रं?"

आठ कारागीर माझ्याकडे बघत होते. चुकलो म्हणायची हीच वेळ होती. माझ्या तोंडून "काढ" एवढंच निघालं.

एकोणतीस गणपती वेळेवर गेले, डोळे मालूआत्यानंच काढले. पण त्या अठरा दिवसांत रोज सकाळी मी शिफ्टला निघण्याआधी ती भिंतीशी थांबून मला विचारायची, आणि रोज मी "काढ" म्हणायचो.